अभिरूप न्यायालय: मुलांना संवाद लिहून द्यावेत का?

गिरणाकाठ
शाळेत अभिरूप न्यायालय, म्हणजे मुलांकडून लुटुपुटीचा खटला चालवून घ्यायचाय. आठवी-नववीची 40 मुलं, दोन तासिका. खटला शेतातल्या मोटारीच्या केबलचोरीचा. संवाद पाठ करून घ्यायचे का? ज्युरी (निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ) बसवायची का?

काळा कोट, भुसावळ
संवाद दिले की त्याचं गॅदरिंगचं नाटक होतं, उलटतपासातली जानच जाते. त्याऐवजी कागद द्या: फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, जप्ती पंचनामा आणि तीन साक्षीदारांचे दहा-बारा ओळींचे जबाब. त्यात विसंगती पेरा. साक्षीदार म्हणतो, 'अमावस्येच्या रात्री बांधावरून आरोपीला ओळखलं'. पंचनाम्यात बांध ते विहीर अंतर 60 मीटर, जवळ दिवा नाही. हे वकील झालेल्या मुलांनी स्वतः हुडकायचं. जबाबाबाहेरचं नवं काही साक्षीदाराने रचायचं नाही, एवढा नियम मात्र कडक ठेवा.

ज्युरी नको, आपल्याकडे ती कधीच बंद झाली. न्यायाधीशाचा हातोडाही सिनेमातला. चोरी म्हणजे भारतीय न्याय संहिता, कलम 303. खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. आरोपी सज्ञान दाखवा, 18 च्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.

खडू-फळा
मुलं हमखास अडतात ती सरतपासात, म्हणजे वकील आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारतो तेव्हा. 'तू त्याला केबल नेताना पाहिलंस ना?' हा सूचक, म्हणजे उत्तर आधीच सुचवणारा प्रश्न. आपल्याच साक्षीदाराला असा विचारता येत नाही. 'त्या रात्री काय पाहिलं?' असं विचारायचं. उलटतपासात मात्र सूचक प्रश्न चालतो. पहिली तासिका फक्त या सरावाला द्या. साक्षीदार अहिराणीत बोलला तर बोलू द्या, 'अंधारामा काही दिखनं नही' हे लेखनिकाने मराठीत उतरवायचं.

न्यायाधीश खरं तर एकच, पण वर्गात तिघं बसवा. निकालाची कारणं आपसात बोलावीच लागतात. उरलेल्यांना साक्षीतलं बोलणं वेगळं मांडायला वहीत दोन रकाने: 'स्वतः पाहिलं' आणि 'नुसतं ऐकलं'.

काळा कोट, भुसावळ
एक राहिलं. 'पोलिसांपुढे कबूल केलं' एवढ्यावर वर्ग लगेच शिक्षा ठोकतो. तशी कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम 23). त्याने सांगितल्यावरून केबल सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेलं तेवढंच बोलणं पुराव्यात धरता येतं. तालुका विधी सेवा समितीला मुख्याध्यापकांचं पत्र द्या, मार्गदर्शनासाठी वकील मागता येतो.

गिरणाकाठ
जप्ती पंचनाम्यावर सही करणारे पंच (जप्तीचे साक्षीदार) किती दाखवू?

काळा कोट, भुसावळ
दोन. त्यातल्या एकाला उलटतपासात आरोपीच्या वकिलाने विचारावं: सही शेतात केली की पोलीस ठाण्यात?