‘कोटी कमावणाऱ्याला कसलं डिप्रेशन?’ या पोस्टवर

भुसावळकर: काल गावच्या ग्रुपवर पोस्ट फिरली. ‘फुटबॉलवाले कोटींनी घेतात, त्यांना कसलं डिप्रेशन? बागेत पाणी भरायला पाठवा, दोन दिवसांत बरे होतील.’ वाचल्यापासून डोकं तापलंय. जर्मनीचा गोलकीपर रॉबर्ट एन्के. 2006 मध्ये त्याची दोन वर्षांची मुलगी हृदयाच्या आजाराने गेली. 2009 मध्ये नवराबायकोने एक मुलगी दत्तक घेतली. आजार बाहेर कळला तर तीही जाईल, या धास्तीने तो गप्प राहिला आणि 10 नोव्हेंबर 2009 ला त्याने जीव दिला. वय 32. वर्ल्ड कप सात महिन्यांवर होता. पैसा कमी होता का त्याच्याकडे?

रावेरचा केळीवाला: पोस्ट माझीच आहे, मागे घेणार नाही. मे महिन्यातल्या वादळात कापणीला आलेली दीड एकर नवती, म्हणजे नव्या लागवडीची केळी, अर्ध्या तासात आडवी झाली. उरलेल्या मालाला बाजाराच्या भाव-बोर्डावर एक भाव, बांधावर व्यापारी देतो तो दुसरा. आमची मुलाखत घ्यायला कोणी आलं? खेळाडू हरला तरी त्याचा पगार चालू.

धुळ्याची ताई: पगार चालू? 2025 मध्ये आयएसएल, म्हणजे आपली फुटबॉलची इंडियन सुपर लीग, लटकली, तेव्हा आपल्याच देशात काही क्लबांनी पगार थांबवले. आणि डेले अली ऐका. 2018 ला इंग्लंडकडून वर्ल्ड कपची सेमीफायनल खेळलेला पोरगा. सहाव्या वर्षी लैंगिक अत्याचार झाला आणि पुढे झोपेच्या गोळ्यांचं व्यसन लागलं, हे त्याने 2023 मध्ये स्वतः सांगितलं. पैसा शे म्हनीसन माणूसले दुखत नही का, भाऊ?

नंदुरबारचे सर: मन घट्ट नसेल तर मैदानात उतरू नये. आम्ही मुलांना हेच शिकवतो.

धुळ्याची ताई: सर, मग स्पेनच्या इनिएस्तालाही घरी बसवलं असतं तुम्ही. 2009 मध्ये त्याचा फुटबॉलपटू मित्र दानी हार्के गेला, त्या काळात तो डिप्रेशनमध्ये होता, उपचार घेतले. 2010 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये 116 व्या मिनिटाला गोल कोणी मारला?

यावलकर: बोर्डाचा विषय निघालाच आहे तर पीकविम्याचंही बोला. नुकसान 72 तासांत कळवा म्हणतात. वादळात लाईट नाही, टॉवर बंद, कळवायचं कसं? मी चौथ्या दिवशी कळवलं, अर्ज बाद.

रावेरचा केळीवाला: माझाही तसाच गेला. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा घड सडले होते.

यावलकर: आणि हप्ता मात्र वेळेवर कापतात!

नंदुरबारचे सर: विम्याचा धागा वेगळा काढा. इथे खेळाडूंचं चाललंय.

रावेरचा केळीवाला: महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्यांनी आम्हाला धागे शिकवू नयेत.

भुसावळकर: भाऊ, तुमच्याच तालुक्यातलं सांगतो. माझे सासरे केळीवाले. वादळानंतर आठ दिवस रोज पहाटे बॅटरी घेऊन बागेत जायचे आणि पडलेले घड मोजायचे. प्रत्येक खोडाला हात लावत. रोज आकडा तोच, 1140. तरी दुसऱ्या दिवशी परत मोजायचे. विचारलं की म्हणायचे, पाय मोकळे करतो. मेहुणीचं लग्न ठरलेलं, सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर मोडेल, म्हणून डॉक्टरकडे यायला तयार नव्हते. एन्केला लेकीचीच भीती होती, ह्यांनाही लेकीचीच. शेवटी जळगावला नेलं, गोळ्या सुरू केल्या. दोन महिन्यांनी सलग झोपले. तेव्हा त्यांना कोणी ‘बागेत पाठवा, बरे होतील’ म्हटलं असतं तर? ते बागेतच होते हो.

यावलकर: लग्न झालं का?

भुसावळकर: झालं. सोयऱ्यांना सगळं सांगून झालं.

नंदुरबारचे सर: इनिएस्ताचं माहीत नव्हतं. पण खेळात कणखरपणा लागतो, हे माझं मत कायम आहे.

रावेरचा केळीवाला: ‘पाणी भरायला पाठवा’ हे वाक्य काढतो. कोटीवाल्यांबद्दल मला अजूनही कळवळा येत नाही, खोटं कशाला बोलू. पण आमचे थोरले भाऊ परवापासून जेवायला घरी येत नाहीत, डबाही तसाच परत येतो. तुमच्या डॉक्टरचा नंबर पर्सनलवर टाका.

भुसावळकर: टाकला. रात्री काही वाटलं तर 14416 लावा, टेलि मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, मराठीत बोलतात. आणि आज त्यांना एकटं बसू देऊ नका. मी उद्या सकाळच्या गाडीने येतो.