दहावीचा निकाल 95 टक्के, म्हणून शाळा चांगली?

पाटीपेन्सिल

निकाल लागला की शाळेच्या फाटकावर फ्लेक्स चढतो आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश त्यावरच्या टक्क्यांवर ठरतात. महापालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित माध्यमिक शाळा पारखायची असेल तर हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा, असं माझं ठाम मत आहे.

टक्केवारी काढतात ती परीक्षेला प्रत्यक्ष बसलेल्या नियमित विद्यार्थ्यांवर. नववीत अडकवलेला, आवेदनपत्र भरूनही गैरहजर राहिलेला, दाखला हातात देऊन शाळेबाहेरून परीक्षेला बसण्याचा 17 नंबरचा फॉर्म भरायला लावलेला, यांतला एकही मुलगा छेदात नसतो.

समजा, अ शाळेत नववीला 120 मुलं. पुढच्या वर्षी दहावीला नियमित बसली 84, पास झाली 80. निकाल 95.24 टक्के. ब शाळेत नववीला 110, बसली 106, पास 88. निकाल 83.02 टक्के. आता छेदात नववीचा पट घ्या. अ शाळा 66.67 वर येते, ब शाळा 80 वर. फ्लेक्स लागतो अ शाळेचा, आणि जास्त मुलं पार लावली ती ब शाळेने.

शाळेचा 11 अंकी यूडायस कोड घेतला की नववीचा पट यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो. किती बसले, किती पास, हे मंडळाकडून शाळेला आलेल्या निकालपत्रकात असतं. दोन वर्षांचे दोन कागद शेजारी ठेवायचे, एवढंच काम.

घाटमाथा

निकालाबद्दल सहमत, पण तुमचा छेदच कच्चा आहे. नववीच्या पटात गेल्या वर्षीचे नापासही मोजलेले असतात, त्यामुळे एकच मुलगा दोन वर्षांच्या छेदांत येतो. वडिलांची बदली झाली म्हणून दुसऱ्या गावी गेलेला मुलगा तिथे पास होतो, आणि तुमच्या हिशेबात पहिल्या शाळेच्या नावावर गळती लागते. गावठाणातल्या स्थिर वस्तीची शाळा यात आपोआप वर राहणार. बांधकाम मजुरांच्या वस्तीतली शाळा कितीही राबली तरी खाली.

शिवाय हा आकडा शाळांवर लादला तर मुख्याध्यापक नववीत कच्ची मुलं घेणारच नाहीत. "जागा नाही" म्हणायला काही लागत नाही. आठवीपर्यंत कशीबशी वर आलेली मुलं नववीत अडतात. त्यांना दार उघडणाऱ्या शाळेला तुम्ही शिक्षाच देताय.

पाटीपेन्सिल

@घाटमाथा, पुनर्प्रवेशित वेगळे काढायलाच हवेत, ते माझ्याकडून राहिलं. बदलीचा प्रश्न मात्र आता सुटण्यासारखा आहे. 2022-23 पासून यूडायस प्लसवर नुसती बेरीज न घेता विद्यार्थीनिहाय नोंद होते, प्रत्येकाला कायम क्रमांक असतो. शाळा सोडलेला मुलगा ड्रॉपबॉक्समध्ये जातो आणि नवी शाळा त्याला तिथून ओढून घेते. म्हणजे गेलेल्या मुलांच्या तीन रांगा पाडता येतात: दुसऱ्या शाळेत सापडलेले, 17 नंबरवाले आणि अजून ड्रॉपबॉक्समध्येच पडून असलेले. पहिली रांग छेदातून वजा करा. उरलेल्या दोन शाळेच्या नावावर राहू द्या. नावानिशी माहिती बाहेरच्याला मिळणार नाही आणि मिळूही नये, पण रांगांची बेरीज मागायला काय हरकत आहे?

कच्च्या मुलांना दार बंद होईल, या भीतीवर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

माणदेशी

ऊसतोडीच्या भागाचा कोणी विचार करतंय का? पटाची तारीख धरतात 30 सप्टेंबर. बीडकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांकडे निघतात. म्हणजे पट मोजला त्या दिवशी वर्ग भरलेला, जानेवारीत अर्धी बाकं रिकामी. निकालही नको आणि 30 सप्टेंबरचा पटही नको. कॅटलॉगमधून, म्हणजे वर्गाच्या हजेरीपटातून, ऑगस्ट आणि जानेवारी, या दोन महिन्यांची सरासरी हजेरी काढा. ऑगस्टला 52 आणि जानेवारीला 31 असेल तर शाळेपेक्षा आधी, आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाबद्दल विचारा: सुरू झालं का, आणि कोणत्या तारखेला. टोळी गेल्यावर सुरू झालेल्या वसतिगृहाचा उपयोग नाही, तोवर पोरं आईबापाबरोबर फडात पोचलेली असतात.

कोरा_कागद

पटावर विश्वास ठेवण्याआधी 2011 आठवा. 3 ते 5 ऑक्टोबरला राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटाला शाई लावून मोजलं, आणि कागदावरची कितीतरी मुलं प्रत्यक्षात नव्हतीच असं निघालं. कारण उघड होतं. पटावर संचमान्यता (शाळेला किती पदं याची सरकारी मंजुरी), संचमान्यतेवर शिक्षकांची पदं.

आता आधार पडताळणी आली, त्याने खोटी नावं कमी झाली, पण उलटी चूक सुरू झाली. दाखल्यावर एक जन्मतारीख, आधारवर दुसरी, किंवा आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. मूल रोज वर्गात बसतंय आणि मोजणीत मात्र नाही. अशी पाच-सहा मुलं निघाली तर लहान शाळेचं एक पद जाऊ शकतं, मग गणिताचा तास भूगोलाचे सर घेतात. त्यामुळे पट विचारताना तीन आकडे विचारा: जनरल रजिस्टरवर (प्रवेशाच्या नोंदवहीत) किती, आधार जुळलेले किती, आणि आज वर्गात किती.

हिशेबनीस

पैशाबद्दल कोणीच बोललं नाही. "या शाळेवर सरकार प्रति विद्यार्थी एवढे खर्च करतं" हे वाक्य ऐकलं की मला धास्ती वाटते. अनुदानित शाळेच्या खर्चात बहुतेक सगळा पगार, आणि तो शालार्थ या सरकारी पगारप्रणालीतून थेट शिक्षकांच्या खात्यावर. नववी-दहावीची एकेक तुकडी असेल तर मुलं 50 असोत वा 110, मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान शिकवायला माणसं लागतातच. म्हणून प्रति विद्यार्थी खर्च जास्त दिसला तर त्याचा पहिला अर्थ "शाळा लहान आहे" एवढाच. तो आकडा दाखवून वाडीवरची शाळा बंद करायचा युक्तिवाद होतो, तो चूक आहे.

सरकारी शाळांच्या संयुक्त शाळा अनुदानाचे टप्पे बघा. 30 पर्यंत पटाला 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1000 ला 75,000 आणि त्यापुढे 1 लाख. 250 पटाच्या शाळेला डोक्यामागे 200 रुपये, आणखी एक मूल आलं की 299. हजारच्या शाळेला 75. यात खडू, वीजबिल, दुरुस्ती सगळं बसवायचं, निदान 10 टक्के स्वच्छतेवर.

रकमेपेक्षा तारीख महत्त्वाची. अनुदान खात्यावर कधी जमा झालं आणि ते खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र कधी गेलं? फेब्रुवारीच्या शेवटी जमा आणि 31 मार्चला प्रमाणपत्र असेल तर प्रयोगशाळेचं सामान मुलांच्या प्रात्यक्षिकानंतर आलं हे समजून घ्या. आणि संचमान्यतेच्या कागदावर मंजूर पदं व कार्यरत पदं यांतला फरक बघा. गणित-विज्ञानाचं पद दोन वर्षं रिकामं असेल तर निकालाचं विश्लेषण पुढे करायची गरज उरत नाही.

नववी_ब

हे सगळं खरं असेल, पण निकालाला इतकं खाली ढकलू नका. मुलाला अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निक मिळतं ते मार्कांवरच. पालकांनी ड्रॉपबॉक्स आणि संचमान्यता शोधत बसायचं का? एक सरळ, मंडळाने तपासलेला आकडा आहे, तो फेकून देण्यात शहाणपण नाही.

पाटीपेन्सिल

@नववी_ब, फेकू नका, नीट वाचा. राज्याचा दहावीचा निकाल 2018 ला 89.41 टक्के, 2019 ला 77.10 आणि 2020 ला 95.30. मुलं एका वर्षात मठ्ठ आणि पुढच्या वर्षी हुशार होत नाहीत. 2019 ला भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेने द्यायचे 20 गुण काढले होते, 2020 ला परत दिले, वर लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. 2021 ला परीक्षाच नव्हती, निकाल 99.95.

त्या 20 गुणांत शाळेने 18 दिले तर 35 ला पोचायला लेखी 80 पैकी 17 पुरतात. "मंडळाने तपासलेला आकडा" पूर्ण खरा नाही.

म्हणून शाळेचे टक्के मागच्या वर्षीच्या टक्क्यांशी ताडू नका, त्याच वर्षीच्या विभागाच्या निकालाशी ताडा आणि नुसता फरक लिहा: अधिक 3, उणे 5. मग श्रेणी बघा. 75 च्या वर किती, 60 च्या वर किती, आणि 35 ते 45 मध्ये किती. दोन शाळांचा निकाल 94 असेल, पण एकीत निम्मी मुलं शेवटच्या गटात असतील तर ती अकरावी सायन्सला टिकणार नाहीत.

घाटमाथा

आणि पट 22 असेल तर एक मूल म्हणजे साडेचार टक्के. पाच वर्षांची मुलं एकत्र मोजल्याशिवाय लहान शाळेबद्दल बोलूच नये. कोणी नॅस किंवा परख या राष्ट्रीय शैक्षणिक सर्वेक्षणांचे आकडे पुढे करील म्हणून आधीच सांगतो: ती नमुना पाहणी आहे, जिल्ह्याचं चित्र सांगते. एका शाळेचं नाव त्यात शोधायला जाऊ नका.

कच्च्या मुलांच्या प्रवेशाचा माझा मुद्दा अजून उभा आहे. नववीत बाहेरून आलेल्यांची वेगळी रांग करा आणि ती शाळेच्या बाजूने मोजा, तरच मी तुमचा हिशेब मान्य करीन.

पाटीपेन्सिल

मान्य. बाहेरून आलेले 20 आणि त्यांतले 13 पास, असं वेगळं लिहायचं, मूळ पटाच्या हिशेबात मिसळायचं नाही.

ज्यांना हे आकडे शाळा देत नाही त्यांनी माहिती अधिकारात मागावेत. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. राज्यात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, त्यामुळे पट आणि निकाल एका अर्जात, अनुदान दुसऱ्या अर्जात. "शाळेची सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, अर्ज परत येतो. असं लिहा: "मागील पाच वर्षांतील नववीचा नवीन व पुनर्प्रवेशित पट, दाखला दिलेले विद्यार्थी, दहावीची आवेदनपत्रे भरलेले, प्रविष्ट व उत्तीर्ण विद्यार्थी, वर्षनिहाय संख्या."