घरच्या खळ्यात लग्न, मांडव कसला घालू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात गुहागरला आमच्या घरच्या खळ्यातच, म्हणजे अंगणातच करायचं ठरलंय. हॉल नको, हा तिचाच हट्ट. माणसं 150, म्हणजे पन्नास-पन्नासच्या तीन पंगती. आचारी ठरला, विहिरीला पाणी आहे. अडलंय मांडवापाशी. बाबा म्हणतात, पोफळीचे खांब नि वर माडाचे झाप (विणलेल्या झावळ्या). गारवा मस्त राहतो, पण वळवाचा पाऊस आला तर झाप गळणार आणि सारवलेल्या खळ्याचा चिखल! मंडपवाला पत्रे सुचवतोय. दुपारच्या मुहूर्ताला त्याखाली भटजीसुद्धा उकडून निघतील. झापांवर ताडपत्री ताणली तर वाऱ्याला टिकते का? उतार कुठल्या बाजूला काढायचा? आणि वीज गेली तर पंखे नि मिक्सरला जनरेटर केवढा लागेल? कुणी घरी लग्न केलं असेल तर सांगा ना.