लेकीचे ४बी-४सी केस : धुणं, गुंता सोडवणं, वेण्या नेमक्या कशा?

पारिजात_एनजे

नमस्कार. मुलगी साडेचार वर्षांची, आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ. नवरा आफ्रिकन-अमेरिकन आहे आणि लेकीचे केस पूर्ण त्याच्या घराण्यावर गेलेत. मागे आणि डोक्याच्या मधोमध एकदम बारीक वळसे (केसांच्या वळणाच्या प्रतवारीत सर्वांत बारीक वळशांचा प्रकार ४सी, तसे), कानांजवळ जरा सैल. ओढून धरले तर खांद्यापर्यंत येतात, सोडले की हनुवटीच्याही वर.

सध्याचा क्रम : रात्री खोबरेल चोपडायचं, सकाळी कोरडेच विंचरून दोन घट्ट वेण्या, आठवड्यातून दोनदा शाम्पू. रोज रडारड, कंगव्यात आखूड तुकडे, केस हाताला काथ्यासारखे, आणि वर्षभरात लांबी जैसे थे. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत विरळही वाटायला लागलंय. सासूबाई साउथ कॅरोलिनात असतात. त्या फोनवर सगळं सांगतात, पण हात कसा चालवायचा ते फोनवर कळत नाही. भारतातून एकच सल्ला येतो : "एकदा तुळतुळीत करून टाक, दाट येतील."

किती दिवसांनी धुवायचे, तेल लावायचं की नाही, आणि शाळेसाठी काय बांधायचं, हे तिन्ही सांगा. पायरी-पायरीने सांगितलंत तर बरं.

---

फणीकंगवा

कोरडं विंचरणं आजपासून बंद. बाकीचं हळूहळू बदललं तरी चालेल, हे मात्र लगेच.

या केसाचं मूळ त्वचेच्या आतच वाकडं असतं. केसाचा छेद गोल नसून चपटा लंबगोल असतो आणि केस वाढता वाढता स्वतःभोवती पिळत जातो. जिथे पीळ, तिथे तो नाजूक. टाळूचं नैसर्गिक तेल सरळ केसावरून शेंड्यापर्यंत सहज उतरतं, इथे मात्र पहिल्या काही वळणांतच थांबतं. म्हणून मुळाशी तेलकट आणि शेंड्याला कोरडे. कोरड्या केसांत कंगवा घातला की शेजारचे वळसे एकमेकांत अडकतात, सगळा ताण एखाद्या पिळावर येतो आणि केस तिथेच तुटतो. कंगव्यातले तुकडे आखूड असतील आणि एका टोकाला पांढरट गाठ नसेल, तर ते केस गळलेले नाहीत, तुटलेले आहेत. वाढ महिन्याला एक सेंटिमीटरपेक्षा जरा कमी होतच असते, पण शेंड्याकडून तेवढीच तूट झाली की लांबी जैसे थे दिसते.

"ओले केस विंचरू नयेत" हे सरळ केसांपुरतं ठीक. हे केस ओले आणि कंडिशनरने बुळबुळीत असताना कंगव्याला सर्वांत कमी अडवतात.

आता धुण्याचा दिवस. आठवड्यातून एकदा पुरे, फार तर दहा दिवसांनी. सुरुवातीला दीड तास हाताशी ठेवा.

भांग पाडून केसांचे चार भाग करा (दाट असतील तर सहा) आणि प्रत्येक भाग सैल पिळून चिमट्याने अडकवा. एका वेळी एकच भाग मोकळा. कोमट पाण्याने पूर्ण भिजवा. वरून फवारा मारल्याने भिजत नाहीत, पाणी आतपर्यंत जायला एकदोन मिनिटं लागतात. सल्फेट नसलेला शाम्पू एक भाग, पाणी तीन भाग, असं टोकदार तोंडाच्या बाटलीत घ्या आणि फक्त टाळूवर सोडून बोटांच्या पेरांनी चोळा. लांबी वेगळी चोळायची नाही, खाली उतरणाऱ्या फेसाने ती धुऊन निघते. डोक्यावर केसांचा गोळा करून चोळलंत की पुढचा तासभर गुंता सोडवण्यात जाणार.

मग कंडिशनर. इथे हात आखडता घेऊ नका : एका भागाला दोन मोठे चमचे, म्हणजे सगळ्या डोक्याला साधारण अर्धी वाटी. बाटलीवर बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट किंवा बेहेनट्रायमोनियम क्लोराइड वरच्या पाचसहा नावांत असेल तर चांगला बुळबुळीतपणा मिळतो. आधी नुसत्या बोटांनी मोठ्या गाठी सोडवा, मग जाड, विरळ दातांचा कंगवा. सुरुवात शेंड्यापासून, दोन-दोन बोटं वर सरकत. दुसऱ्या हाताने कंगव्याच्या वर केस घट्ट धरून ठेवा म्हणजे ओढ टाळूपर्यंत पोचत नाही. पोरीचं निम्मं रडणं यानेच थांबेल. भाग सुटला की पिळून ठेवा, पुढचा घ्या, आणि पिळलेल्या अवस्थेतच वरून पाणी सोडून धुवा.

टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुना सुती टी-शर्ट दाबून पाणी टिपा आणि केस चांगले ओलसर असतानाच पुढचं लावा : आधी न धुण्याचा कंडिशनर (लीव्ह-इन, म्हणजे लावून तसाच ठेवायचा; लेबलवर पहिलं नाव पाणी हवं), मग क्रीम, शेवटी तेलाचे चारपाच थेंब. काहीजण तेल आधी आणि क्रीम नंतर लावतात. दोन्ही करून बघा, तिसऱ्या दिवशी हाताला कुठला भाग मऊ लागतो ते पाहून ठरवा.

एकाच केसाला शेंड्याशी बारीक गाठ बसते, ती सुटत नसते. गाठीच्या वर अर्धा सेंटिमीटर, केस कापायच्या धारदार कात्रीने कापून टाका. बोथट कात्री शेंडा चिरते.

---

रेशीमधागा

वरचं सगळं मान्य. ४सीचा आकडा फार मनावर घेऊ नका मात्र. ही प्रतवारी अमेरिकन टीव्ही निवेदिका ओप्रा विन्फ्रीचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९०च्या दशकात आणली, आणि ४सी हा प्रकार तर पुढे लोकांनीच जोडला. एकाच डोक्यावर तीन प्रकार सापडतात. काळजी घेताना जास्त उपयोगी गोष्ट म्हणजे केस पाणी किती पटकन पितात. पाण्याचे थेंब बराच वेळ नुसते मण्यांसारखे वर बसून राहत असतील तर कंडिशनर लावून प्लास्टिकची टोपी घाला आणि पंधरा मिनिटं तशीच ऊब द्या. पेल्यात केस टाकून तरंगतो की बुडतो बघायची 'चाचणी' सोडून द्या. केसावर तेल असलं की तो तरंगणारच.

शाळेसाठी : दोन पेडांचे ट्विस्ट. तिपेडी वेणीपेक्षा सोडवायला सोपे, गुंता कमी. या वयाला दहा-बारा पुष्कळ. ओलसर केसाचा एक भाग घ्या, सारखे दोन पेड करा, मुळाशी एक-दोनच वेढे घट्ट आणि पुढे सैल. प्रत्येक पेड आधी एका दिशेला थोडा पिळून मग दोन्ही एकमेकांवर उलट दिशेने गुंडाळले की सुटत नाहीत. शेंडा बोटाभोवती गुंडाळून सोडा, रबर लागत नाही. पाच-सहा दिवस सहज राहतात. रोज सकाळी करायचं काय, तर हलका फवारा आणि दोन रंगीत बो, बस.

फवाऱ्याची बाटली : २०० मिली पाण्यात न धुण्याचा कंडिशनर एक मोठा चमचा. तीन-चार दिवसांत संपवा, नाहीतर वास येतो. बनवताना जास्त करून ठेवू नका.

रात्री सॅटिनची टोपी. झोपेत काढून टाकत असेल तर उशीला सॅटिनचा अभ्रा घाला, गादीलाही घातलीत सॅटिनची चादर तर उत्तम, कारण या वयाची मुलं उशीवर राहतात कुठे. सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि खरखरीतपणाने शेंडे झिजवतो.

साधं उघडं रबर वापरू नका. बारीक इलॅस्टिक लावलंच तर ओढून काढायचं नाही, कात्रीने कापायचं. मणी लावायचे तर हलके आणि थोडे. कपाळाच्या ओळीतल्या केसांना नकोतच. कॉर्नरोज, म्हणजे टाळूला चिकटून जाणाऱ्या वेण्या, स्वतः शिकायला वेळ लागतो. न्यूअर्क, ईस्ट ऑरेंजकडे वेण्या घालणाऱ्या बायकांची दुकानं भरपूर आहेत. लहान मुलांचं काम करणारी गाठा, "घट्ट नको, कडेचे बारीक केस वेणीत घेऊ नका" हे बसायच्या आधी सांगा, आणि हात कसे चालतात ते शेजारी उभं राहून बघा. कृत्रिम केस जोडून लांब वेण्या या वयात कशाला? वजन उगीच.

---

त्वचाविचार

कपाळाच्या कोपऱ्यांतलं विरळपण दुर्लक्ष करण्यासारखं नाही. सतत एकाच ठिकाणी ओढ बसून मुळं दुखावतात, याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. सुरुवातीच्या खुणा : वेणी घातल्यावर दुखणं, मुळांशी बारीक पुटकुळ्या, त्वचा तंबूसारखी वर ओढलेली दिसणं. या टप्प्यावर ओढ थांबवली तर केस परत येतात, काही महिने लागतात. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळाच्या जागी व्रण धरतो आणि मग येत नाहीत. दर आठवड्याला भांगाची जागा बदला. वेणी घातल्यावर तिला भुवया उंचावता येत नसतील किंवा ती डोकं धरत असेल तर ती वेणी तिथल्या तिथे सोडा.

आणखी एक शक्यता तपासून घ्या. टाळूवर खवले, खाज, आणि केस मुळालगत तुटून काळे ठिपके दिसत असतील, मानेमागे गाठी लागत असतील, तर ती डोक्यातली बुरशी, टिनिया कॅपिटिस असू शकते. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांत ती बरीच आढळते आणि 'कोंडा' म्हणून तेल लावत राहण्यात महिने जातात. नुसत्या मलमाने किंवा शाम्पूने ती जात नाही, कारण बुरशी केसाच्या आत असते. ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन काही आठवडे पोटात घ्यावं लागतं, अर्थात डॉक्टरांनी नमुना तपासून दिल्यावर. तोवर कंगवा, टोपी, उशी कुणाशी वाटून वापरू नका.

रोज टाळूला तेल चोपडण्याच्या मी विरोधात आहे. कोंडा करणाऱ्या मालासेझिया यीस्टला ते खाद्यच होतं, आणि धुळीचा थरही बसतो.

डोकं तुळतुळीत केल्याने मूळ बदलत नाही. मूळ बदलत नाही म्हणून केसाची जाडी, वळण, दाटपणा काहीच बदलत नाही. कापलेलं टोक बोथट असल्याने काही दिवस दाट भासतात, इतकंच. जावळ प्रथा म्हणून काढायचं तर जरूर काढा, उपचार म्हणून नको.

---

जवसाची_चटणी

टाळूवर नको हे ठीक, पण खोबरेलाला सरसकट बाद करू नका. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिकोतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. तिघांत फक्त खोबरेलाने धुताना-विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी झाली, कारण त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं. (खोबरेल विकणाऱ्यांनीच केलेला अभ्यास, हे लक्षात ठेवून वाचा. तरी निष्कर्ष पटण्यासारखा आहे.) तेव्हा त्याची जागा धुण्याआधी : लांबीला एक-दोन चमचे, अर्धा तास, मग शाम्पू. तेल पाणी देत नाही, असलेलं पाणी टिकवतं. कोरड्या केसावर तेल म्हणजे कोरडेपणावर झाकण. तुमचं गणित नेमकं इथे चुकतंय. एरंडेल फार चिकट, लहान मुलीच्या बारीक केसांना जड होतं. शिया बटर हिवाळ्यात उत्तम, वाटाण्याएवढं तळहातावर वितळवून फक्त शेंड्यांना.

शिकेकाई-रिठ्याची पूड मात्र नका वापरू. कण वळशांत अडकतात आणि ते काढताना पुन्हा तूट.

ट्विस्ट टिकायला घरी जवसाची जेल करा. पाव कप जवस, दोन कप पाणी, मध्यम आच, सतत ढवळा. सात-आठ मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच उतरवून गरम असतानाच पातळ सुती कापडातून गाळा. दोन मिनिटं जास्त उकळलं की गोळा होतो आणि गाळताच येत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. वापरण्याआधी तळहातावर तुमच्या न धुण्याच्या कंडिशनरबरोबर थोडी चोळून बघा. पांढरे गोळे झाले तर दोघांचं जमत नाही, केसांवर पापुद्रे पडतील. कंडिशनर बदला.

---

पारिजात_एनजे

सगळ्यांचे आभार, डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दोन शंका. शाळेतून "केस नीटनेटके बांधा" अशी चिठ्ठी आली तर? एका नातेवाइकांनी मुलांसाठीचा रिलॅक्सर (केस सरळ करायचं रसायन) सुचवलाय, त्याचं काय? आणि हो, जूनपासून पोहण्याचा वर्ग आहे.

---

रेशीमधागा

शंका तीन झाल्या :)

ट्विस्ट, वेण्या, मोकळा आफ्रो (न बांधता गोल फुलवलेले केस) हे नीटनेटकंच असतं. नैसर्गिक केसांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा क्राउन अ‍ॅक्ट कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ मध्ये पहिल्यांदा केला. न्यू जर्सीत तो डिसेंबर २०१९ मध्ये आला. त्याच्या बरोबर वर्षभर आधी याच राज्यात एका शालेय कुस्तीपटूला सामन्याआधी ड्रेडलॉक्स (जटांसारखे वळलेले केस) कापायला लावले होते. चिठ्ठी आलीच तर लेखी विचारा की शाळेचा नेमका नियम कोणता.

---

फणीकंगवा

रिलॅक्सर नको. 'लाय (कॉस्टिक सोडा) नसलेला' म्हणून मुलांसाठी विकतात त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन कार्बोनेट एकत्र करतात. मिश्रण तीव्र अल्कधर्मी, केसातले गंधकाचे बंध तोडतं, ते परत जुळत नाहीत, टाळू भाजते ती वेगळी. शिवाय कॅल्शियमचा थर बसून केस आणखी कोरडे.

पोहण्याआधी केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, वर स्वस्तातला कंडिशनर भरपूर, मग चार-सहा ट्विस्ट आणि टोपी. आधीच भिजलेला केस क्लोरीनचं पाणी कमी पितो. लहान मुलांच्या घट्ट रबरी टोप्या ट्विस्टवर बसत नाहीत, मोठ्या आकाराची सिलिकॉनची घ्या. बाहेर आल्याबरोबर धुवायचं, घरी गेल्यावर नाही. महिन्यातून एकदा लेबलवर ईडीटीए लिहिलेला शाम्पू वापरा. तलावातल्या तांब्यासारख्या धातूंचा आणि नळाच्या जड पाण्याचा थर त्याने निघतो. त्या दिवशी कंडिशनर जरा जास्त वेळ ठेवा, दहा मिनिटं तरी, कारण तो शाम्पू केस बराच कोरडा करून सोडतो.