मिडब्रेन, टेलिपथीचे 'रिसर्च पेपर' कसे तपासायचे? सल्ला हवाय (जरा अर्जंट)

रानमोगरा
मंडळी, मदत करा. वहिनींनी पुतण्याला (इयत्ता चौथी) मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनच्या (म्हणे मेंदूचा मधला भाग 'जागा' करायचा) क्लासला घालायचं ठरवलंय. डोळ्यांवर पट्टी बांधून पोरं वाचतात, रंग ओळखतात, डेमो बघून दादा पण गार. मी थोतांड म्हणाले तर फॅमिली ग्रुपवर तीन लिंका येऊन पडल्या, एक कॉर्नेल विद्यापीठातला पेपर, एक 'नेचर'मधला, आणि एक सीआयएची. आता मी बी.कॉम., मला त्यातलं काय कळणार, आणि "अमेरिकेत सिद्ध झालंय, तू कोण गं?" याला उत्तर नाही. रविवारी फी भरायचीये. नुसतं अंधश्रद्धा अंधश्रद्धा करून हिणवायचं नाहीये, नणंद-भावजय प्रकरण आधीच नाजूक आहे. काय विचारू, कसं तपासू?

खडूस काका
मिडब्रेन 'अ‍ॅक्टिव्हेट' करायचा म्हणजे काय करायचं? तो जन्मापासून चालूच असतो. बुबुळं हलवणं, उजेडात बाहुली बारीक होणं ही त्याचीच कामं. तो बंद पडला तर पोरगं क्लासला नाही, आयसीयूत जाईल.

रानमोगरा
काका, हे मी वहिनींना सांगू शकत नाही हो :)

आकडेमोडी
कॉर्नेलवाला पेपर म्हणजे डॅरिल बेम, २०११, भविष्यातली गोष्ट आधीच जाणवते असा दावा. नऊ प्रयोग, हजारावर विद्यार्थी, नाणावलेलं जर्नल, म्हणजे वहिनी खोटं बोलत नाहीयेत. पण आत बघा काय आहे. पहिल्या प्रयोगात स्क्रीनवर दोन पडदे, त्यातल्या कुठल्यामागे चित्र येणार ते ओळखायचं, नशिबावर ५० टक्के. कामुक चित्रांना आले ५३.१ टक्के, बाकीच्या चित्रांना ४९.८. झालं, एवढंच. हेच प्रयोग दुसऱ्यांनी केले, गॅलक आणि मंडळींनी २०१२ मध्ये तीन हजारांहून जास्त लोक घेतले, काही निघालं नाही. रिची, वाइजमन आणि फ्रेंच यांनी एक प्रयोग तीन ठिकाणी करून बघितला, तिथेही शून्य, आणि तो निकाल घेऊन गेले तर त्याच जर्नलने सांगितलं की आम्ही पुनर्प्रयोग छापत नाही! मानसशास्त्रात नंतर जुने प्रयोग पुन्हा करून तपासायची जी साफसफाई सुरू झाली तिचं एक कारण हा पेपर.
माझा सल्ला, पेपर खरा की खोटा या वादात पडूच नका, तुम्ही हराल. एकच विचारा, की पेपरातला दावा आणि क्लासचा दावा एकच आहे का? तिकडे पन्नासाचे त्रेपन्न झाले म्हणून जग हादरलं आणि इकडे चौथीतलं पोरगं पट्टी बांधून अख्खं पान वाचतंय. हे खरं असेल तर क्लासवाल्याने फी कशाला घ्यावी, सरळ नोबेल घ्यायला स्टॉकहोमला जावं.

पत्तेवाला
मी हौशी जादूगार, शाळांतून कार्यक्रम करतो. पट्टीचं गुपित नाकात आहे. कितीही घट्ट बांधा, नाकाच्या बाजूने खाली फट राहतेच, म्हणून ती पोरं मान किंचित वर करतात आणि वस्तू पोटाजवळ धरतात. डेमोचा व्हिडिओ असेल तर तेवढंच बघा. पुस्तक कपाळासमोर धरलं की वाचन बंद, मग "आज एनर्जी नाही". पोहायचा गॉगल घ्या, आतून काळी चिकटपट्टी पूर्ण लावा, कडेने उजेड येत नाही हे आधी स्वतः घालून बघा.
'नेचर'वाला पेपर १९७४ चा, टार्ग आणि पुथॉफ, मनाच्या जोरावर चमचे वाकवतो म्हणणाऱ्या युरी गेलरवर. त्याच अंकात संपादकांनीच लिहिलं होतं की प्रयोगाची आखणी कच्ची आहे, हे लिंक टाकणारा कधी सांगत नाही. आदल्याच वर्षी हाच गेलर जॉनी कार्सनच्या टीव्ही शोमध्ये गेला, कार्सन स्वतः मुळात जादूगार, त्याने अशा दाव्यांची पोल खोलणाऱ्या जेम्स रँडी या जादूगाराला विचारून सगळं सामान आपलं ठेवलं आणि गेलरच्या माणसांना हात लावू दिला नाही. वीसेक मिनिटं काहीही झालं नाही.
शास्त्रज्ञ हुशार असतात, पण अणू काही त्यांना फसवायला बसलेला नसतो, माणूस असतो. १९७९ मध्ये रँडीने दोन पोरगेले जादूगार सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अतींद्रिय शक्ती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत घुसवले. त्यांना बजावलं होतं, "तुम्ही लबाडी करताय का" असं थेट विचारलं तर खरं सांगून टाकायचं. कोणी विचारलंच नाही.

मोकळी_खिडकी
सगळंच उडवून लावायची घाई का? गान्झफेल्ड म्हणजे टेलिपथीच्या प्रयोगांत (दुसऱ्याने मनातून पाठवलेलं चित्र चारांतून ओळखायचं) नशिबाच्या २५ च्या जागी ३२ टक्क्यांच्या आसपास येतात. सीआयएच्या, मनाने दूरचं बघायच्या प्रकल्पाचा आढावा घेतला तेव्हा जेसिका अट्स या सांख्यिकीतज्ज्ञ बाईंनी परिणाम खरा आहे असंच म्हटलं होतं.

आकडेमोडी
बरोबर, म्हटलं होतं. त्याच आढाव्यात रे हायमन नाही म्हणाले, आणि वीसेक वर्षं चाललेला तो प्रकल्प १९९५ मध्ये बंद झाला कारण हेरगिरीला उपयोगी पडेल अशी माहिती त्यातून कधी मिळाली नाही. तुमचे ३२ टक्के घटकाभर मान्य. तरी दर तीनातली दोन उत्तरं चुकीची, यावर पोरगं स्कॉलरशिपचा पेपर लिहिणार आहे का?

रानमोगरा
हा ३२ टक्क्यांचा मुद्दा भारी आहे, दादाला पटेल. पण घरी चाचणी घ्यायची तर कशी? सोपं सांगा.

आकडेमोडी
पाच रंगांची पाच-पाच कार्डं, एकूण पंचवीस. दर वेळी एक काढायचं आणि परत गड्डीत घालून पिसायचं, असं पंचवीस वेळा, नाहीतर शेवटी उरलेली मोजून सांगता येतात. कार्ड धरणाऱ्यालाही रंग दिसता कामा नये, आईच्या भुवया पोरांना बरोब्बर वाचता येतात. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच येतील, पण शंभर पोरांत चार-पाच जणांना नऊ किंवा जास्त येणारच, म्हणून नऊ आले की पेढे वाटू नका. पासाचा आकडा आधी कागदावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, मी म्हणेन वीस. वाचता येतं म्हणणाऱ्याला वीस जड नसावेत.
पुण्यात नारळीकर, दाभोलकर वगैरेंनी २००८ मध्ये ज्योतिषाची चाचणी अशीच घेतली होती. पत्रिका बघून मूल हुशार की मतिमंद एवढंच ओळखायचं, अटी आधी ठरलेल्या. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरं आली, बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं.

पत्तेवाला
एक विनंती, चाचणी पुतण्याची घेऊ नका. क्लासवाल्याला सांगा की तुमचा सगळ्यात तयार विद्यार्थी आणा, गॉगल आमचा, कार्डं आमची, पास झाला तर फी तिथल्या तिथे भरतो. लहान पोरं फटीतून बघतात कारण समोर मोठी माणसं टाळ्या वाजवत असतात, चारचौघांत त्याला लबाड ठरवलंत तर ते लक्षात ठेवेल.

रानमोगरा
हे मस्त, वहिनींनाही यात नाही म्हणता येणार नाही. आजच दादाला सांगते क्लासवाल्याला फोन करायला. काळी चिकटपट्टी म्हणजे इलेक्ट्रिशियन वापरतात तीच ना?

पत्तेवाला
तीच. दोन थर लावा, एका थरातून ट्यूबलाइट दिसते.