पहिलीच्या मुलांना 'चिकाटी' शब्द कसा शिकवायचा?

पहिलीची_बाई (पारोळा)
वर्गात निम्म्या मुलांच्या घरी अहिराणी. 'चिकाटी म्हणजे कामाला चिकटून राहणे' असं सांगितलं की मुलं डिंक आणि केळीचा चीक सांगायला लागतात. काहींना हट्ट म्हणजेच चिकाटी वाटते. रोज दहाएक मिनिटं, असं आठवडाभरात बसेल ते सुचवा.

अमळनेरकर
बाई, 'चिकटणं' हा विषयच काढू नका. आधी काम, मग शब्द. कापूस घरोघरी असतो, तेव्हा वाती वळायला द्या. वेचलेला कापूसच घ्या. वाळल्या बोंडाची टोकं बोटात घुसतात. एकेकाला चिमूटभर पुरे. सरकी काढायची, बोटांनी पिंजून हलका करायचा, लांबवत न्यायचा आणि तळहातावर एकाच दिशेने वळायचा. पहिली वात बहुतेकांची बिघडते. जोरात ओढलं की तंतू निसटतात, नीट पिंजलं नाही की मध्ये गाठ राहते, पुढे-मागे चोळलं की पीळ सुटतो. लगेच हातातून घेऊन दुरुस्त करू नका. "कुठे तुटली? आता काय बदलशील?" एवढंच विचारा. दोन-चार खेपांत बोटभर वात होते, नेमका तेव्हा शब्द द्या: "तुटली तरी सोडलं नाहीस, वेगळं करून पाहिलंस. याला म्हणतात चिकाटी." मग टाळ्यांवर चि-का-टी. अर्थ अहिराणीतून सांगा: "माले जमत नही, पन आखो करी देखसू."

दुसऱ्या दिवसापासून वाती बंद. बटण लावणं, नाडीची गाठ, 'ळ' गिरवणं, जिथे दिसेल तिथे शब्द वापरा. नुसतं "शाब्बास" म्हटलं तर कशाबद्दल ते पोराला कळत नाही.

आणि हो, कपाशीवर फवारणी झालेली असते. कापूस तोंडात जाऊ देऊ नका, नंतर साबणाने हात.

सातपुड्याकडचा
हट्टाचा घोळ जोड्यांनी सुटतो. 'पतंगासाठी दुकानासमोर लोळण घेतली' आणि 'पतंग गोते खात होता, शेपूट लावून परत उडवला'. चिकाटी असेल तर अंगठा वर, नसेल तर खाली, पण डोळे मिटून. नाहीतर सगळे शेजाऱ्याचा अंगठा बघतात. रोज तीन-चार वाक्यं बास.
अमळनेरकरांचं अहिराणी वाक्य धडगाव-अक्कलकुव्याकडे चालणार नाही, तिथे घरी भिली किंवा पावरी. चौथीतल्या एखाद्या मुलाकडून तिथलं वाक्य आधी विचारून घ्या.

बालवाडी_ताई
चित्र हवं असेल तर सुगरण पक्षी घ्या. घरटं नर विणतो. मादीला अर्धवट घरटं पसंत पडलं नाही तर तो दुसरं विणायला घेतो. पावसाळ्यात विहिरीकाठच्या बाभळीखाली पडलेलं घरटं मिळतं. लटकणारं मात्र तोडू नका.

शनिवारी 'अर्थ सांगा' विचारलं तर पाठ केलेलं वाक्य येईल. "या आठवड्यात कोणी चिकाटी दाखवली? काय केलं?" असं विचारा. नुसतं नाव सांगितलं तर शब्द अजून कच्चा आहे, पुढच्या आठवड्यात नवा शब्द घेऊ नका.