डाग रंगवण्याआधी गळती बघा
घर विकताना घेणाऱ्यातर्फे होणाऱ्या इन्स्पेक्शनच्या (घराच्या तपासणीच्या) आधी सीलिंगवरचा पाण्याचा डाग रंगवून टाकावा का, असं कुणी विचारलं, तर प्लीज नुसता रंगवू नका. इथे अमेरिकेत बऱ्याच इन्स्पेक्टरांकडे मॉइश्चर मीटर (ओल मोजणारं यंत्र) असतो, ताज्या रंगाचा एकच चौकोन दिसला की तो आधी तिथेच लावतात, आणि माहीत असलेली गळती डिस्क्लोजरमध्ये (घरातले दोष विकणाऱ्याने लिहून द्यायच्या कागदात) लपवली तर विक्रीनंतरही अंगाशी येऊ शकतं. आधी गळती बंद करा, रूफरचं किंवा प्लंबरचं बिल जपून ठेवा, मग खुशाल रंगवा.

बाकी छताच्या कडेचं गटर साफ करून घ्या, डाउनस्पाउटचं (गटरचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपचं) पाणी भिंतीपासून निदान ५-६ फूट लांब पडू दे, बेसमेंटमधल्या ओलीचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. किचन-बाथरूममधल्या जीएफसीआय आउटलेटचं (शॉक लागू नये म्हणून वीज आपोआप तोडणाऱ्या सॉकेटचं) टेस्ट बटण दाबून बघा, त्या आउटलेटची वीज जायलाच हवी, मग रीसेट. फर्नेसचा (घर गरम करणाऱ्या यंत्राचा) फिल्टर बदला.

आणि हो, अ‍ॅटिकच्या (छताखालच्या माळ्याच्या) झाकणाखाली किंवा इलेक्ट्रिक पॅनेलसमोर दिवाळीच्या सामानाचे खोके रचलेले असतील तर ते आधी हलवा, कारण तिथे पोचता आलं नाही तर रिपोर्टमध्ये 'तपासता आलं नाही' असं येतं आणि घेणाऱ्याच्या मनात उगाच शंका शिरते.